सिलिंडरवरची तारीख

कष्टकऱ्याच्या घरी गाडी येते तेव्हा तिच्यामागून हप्ता येतो, हप्त्यामागून काळजी येते, आणि मग रोज सकाळी एक प्रश्न दारात उभा राहतो : आज टाकीत किती रुपयांचे टाकायचे? आमच्या घरी हा प्रश्न चार वर्षे रोज विचारला गेला. 2019 साली आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. पिवळ्या पाटीची, 1200 सीसी इंजिनाची. थोरले भाऊ ती चालवतात. आम्ही लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि रात्री वहीत गाडीचा हिशेब लिहितो.

व्हॅनचे मुख्य काम म्हणजे पेशंट नेणे-आणणे. जालन्याहून घाटी दवाखाना साठेक किलोमीटर. बदनापूर, करमाड, चिकलठाणा हा रस्ता आमच्या गाडीला पाठ झाला आहे. मंठा, परतूर, घनसावंगीकडची माणसे रात्री-बेरात्री फोन करतात. कुणाची लेक बाळंतपणाला अडलेली असते, कुणाच्या बापाला अर्धांगवायूचा झटका आलेला असतो. अशा वेळी भाडे ठरवताना जीभ जड होते. समोरच्याच्या हातात पाचशेची नोट असते आणि पेट्रोलच सातशे-आठशेचे जळणार असते. भाऊ नाही म्हणत नाहीत. मग महिनाअखेरीस वही बोलते.

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही वही घेऊन बसलो. पेट्रोल लिटरला 105 रुपयांच्या पुढे गेले होते. गाडी लिटरला 14 किलोमीटर देत होती. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये नुसते जळण. सीएनजी किलोला 90 रुपयांच्या आसपास होता आणि अशा गाडीला एका किलोत 19 किलोमीटर सहज पडतात, असे तीन-चार गाडीवाल्यांनी सांगितले. म्हणजे पावणेपाच रुपये. किलोमीटरमागे पावणेतीन रुपयांची बचत. महिन्याला 1800 किलोमीटर धरले तरी पाच हजार रुपये वाचणार होते. पाच हजार म्हणजे आमच्या घरचा किराणा.

हिशेब सोपा होता. अडचण पुढे होती. गाडीला गॅसची यंत्रणा बसवायची कशी, कुणाकडून, आणि किती रुपयांत?

तीन वाटा

पहिली वाट एका ओळखीच्या माणसाने सुचवली. घरगुती गॅसची लाल टाकी, तिला एक नळी आणि साधे किट. दहा-बारा हजारांत काम. रस्त्यावर अशा गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. या वाटेचा विचार आमच्या घरात पाच मिनिटेही टिकला नाही. 14.2 किलोची ती टाकी स्वयंपाकघरात उभी राहण्यासाठी बनवलेली असते, गाडीच्या धक्क्यांसाठी नाही. तिच्यातला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून ठिणगीची वाट पाहतो. शिवाय घरगुती गॅस गाडीत जाळणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. गाडीत पेशंट, त्याच्याजवळ बसलेली त्याची आई, आणि सीटमागे अशी टाकी; हे चित्रच नको, असे वहिनी म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

दुसरी वाट आमच्या घरातूनच निघाली, आणि तीच अवघड ठरली. आमचा पुतण्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेला. हात चांगला, डोके त्याहून चांगले. त्याने एका भंगारवाल्याकडे एक सीएनजी सिलिंडर आणि जुने किट पाहून ठेवले होते. मोडीत निघालेल्या गाडीतले. सगळे मिळून 18 हजार. बसवणार तो स्वतः, म्हणजे मजुरी शून्य.

तिसरी वाट म्हणजे मान्यताप्राप्त केंद्रावर नवे किट, नवा सिलिंडर, कागदपत्रांसह. खर्च 55 हजार.

18 आणि 55 यांच्यातला फरक 37 हजार. आमच्या मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी घरात 40 हजार बाजूला ठेवलेले होते. त्यामुळे हा फरक नुसता आकडा नव्हता. त्याला आमच्या मुलीचा चेहरा होता.

फुंकणी आणि लाकूड

पुतण्या काही अडाणीपणाने बोलत नव्हता. मोबाईलवर तो रात्र रात्र मोटारींचे व्हिडिओ पाहतो. परदेशातली आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतली हौशी पोरे टर्बो लावलेल्या गाड्यांना बाहेरून आणलेले मोठे इंजेक्टर, जास्त ताकदीचा पेट्रोल पंप, नवा रेग्युलेटर बसवतात आणि गाडीची ताकद वाढवतात. त्याला ते सगळे तोंडपाठ.

एका रात्री जेवणानंतर आमच्या आईने त्याला विचारले, "बाळा, टर्बो टर्बो म्हणतोस, ते असतं तरी काय?"

तो म्हणाला, "आजी, तुझ्या चुलीची फुंकणी. धुराच्या जोरावर फिरणारी."

आई हसली. परंतु उपमा अगदी बरोबर होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की जळण जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. म्हणूनच आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक डिझेल जीपा, पिकअप आणि ट्रक आता टर्बोचे असतात.

"मग नुसती फुंकत राहिले तर?" आईने विचारले.

"तर राख उडेल. लाकूडपण सारायला पाहिजे."

हौशी मंडळी मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर बसवतात त्याचे मर्म या एका वाक्यात आहे. पेट्रोल इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. टर्बोने हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण फिके पडते, आतली उष्णता वाढते, जळण वेळेआधीच धडधडून पेटते आणि पिस्टनला भोकसुद्धा पडते. दुसरी एक बारीक गोष्ट आहे. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये दाब वाढवला की इंजेक्टरला त्या दाबाविरुद्ध फवारावे लागते. म्हणून पेट्रोलचा दाबही त्याच मापाने वाढवणारा रेग्युलेटर लागतो. पंप, इंजेक्टर, रेग्युलेटर आणि या सर्वांना हुकूम देणारा गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, ही चौघे एकमेकांशी जुळली तरच गाडी चालते. एक जरी बिनसला तरी इंजिन जाते.

पुतण्याचे म्हणणे असे की, "काका, लोक टर्बोच्या गाडीला एवढी मोठी यंत्रणा गॅरेजमध्ये बसवतात. मग साध्या व्हॅनला गॅसचं किट मी का नाही बसवू शकणार?"

प्रश्न रास्त होता. त्याला दटावून गप्प करणे आम्हाला पटले नाही. ज्या पोराने शिकून काहीतरी करायचे म्हटले, त्याला घरातल्यांनीच खाली बसवायचे? म्हणून आम्ही त्याला म्हटले, "तू बसवू शकशील. पण आधी तो सिलिंडर आपण दोघे पाहून येऊ."

लोखंड ओळखणाऱ्यांचे मत

जालना बियाण्यांसाठी जसे ओळखले जाते तसेच सळईसाठी. इथल्या भट्ट्यांत देशभरातले भंगार वितळते. त्या भंगारात वर्षानुवर्षे हात घातलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : बंद भांडे भट्टीत जाता कामा नये. सिलिंडर असो, शॉक अब्सॉर्बर असो, की तोंड चेपलेला पाईप असो, आधी तो कापून उघडा करायचा. आत थोडा गॅस किंवा थोडे पाणी राहिले तरी सुमारे 1600 अंशांच्या रसात ते क्षणात फुगते आणि पोलाद कारंज्यासारखे बाहेर उडते. आमच्या एका सोबत्याचा हात असाच कोपरापर्यंत भाजला आहे. त्या दिवसापासून बंद सिलिंडर दिसला की आमची नजर आधी त्याच्या खांद्यावर जाते. तिथे त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते.

भंगारवाल्याकडच्या सिलिंडरचा खांदा आम्ही चिंधीने पुसला. क्रमांक अर्धा दिसत होता. तपासणीची शेवटची तारीख घासून गेलेली होती, की घासलेली होती, कोण जाणे. बुडाशी, पट्टा बसतो त्या जागी, गंजाची खोल रेघ होती. वरून ताजा रंग मारलेला.

आम्ही पुतण्याला विचारले, "आपल्या गाडीच्या चाकात हवा किती असते?"

"दोन बारच्या पुढे."

"आणि ह्याच्यात किती भरणार?"

तो गप्प झाला. सीएनजी सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो. चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. चाक फुटले तर आवाजाने माणूस दचकतो. शंभरपट दाबाचे पोलाद सीटमागे फुटले तर गाडीत दचकायला कोणी उरत नाही.

म्हणून या सिलिंडरांसाठी कायदा कडक आहे. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे गाडीतल्या सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी तपासणी करावी लागते. त्यात पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब दिला जातो आणि पोलाद किती फुगते व परत किती बसते हे मोजले जाते. त्यासाठी मान्यताप्राप्त तपासणी केंद्रे आहेत. या सर्वांवर देखरेख करणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, तिचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. तपासणीत पास झालेल्या सिलिंडरवर तारीख कोरतात. ज्याच्यावर तारीख नाही, त्याच्याबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही.

परत येताना पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. भोकरदन नाक्याजवळ चहा घेताना म्हणाला, "काका, हात माझा चुकला नसता. पण सिलिंडरचं मी काय सांगणार होतो?" आम्हाला त्या वाक्याचा फार आनंद झाला. कारागीर तोच, ज्याला आपल्या हाताची हद्द कळते.

पैसे कुठून आणले

फीच्या पैशांना हात लावायचा नाही, हे आईने सांगून टाकले. "गाडी थांबली तर चालल. पोरगी थांबायची नाही," एवढेच ती बोलली. मग वहिनींनी बचत गटातून 25 हजार काढले. आम्ही कारखान्यातून 15 हजार उचल घेतली. बाकीचे भाऊंनी दोन महिन्यांच्या भाड्यातून बाजूला काढले. म्हणजे काम दोन महिने लांबले आणि दोन महिने महाग पेट्रोल जाळावे लागले. तेही आम्ही वहीत लिहिले.

काम झाले ते दोन दिवस

आम्ही एक अट घातली होती. काम चालू असताना आमचा मुलगा, म्हणजे पुतण्या, शेजारी उभा राहून पाहील. मिस्त्री चांगला माणूस होता. त्याने पाहू दिले, वर पाने-हातोडी द्यायलाही लावले.

सुरुवात सिलिंडरपासून झाली नाही, इंजिनापासून झाली. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन तपासले. पेट्रोलवर जे इंजिन नीट चालत नाही ते गॅसवर त्याहून वाईट चालते. गॅसला ठिणगी जोरदार लागते. कमजोर प्लग पेट्रोलवर कसेबसे निभावतात, गॅसवर लगेच उघडे पडतात.

मग मागच्या सीटमागे पोलादी चौकट बोल्टांनी तळाशी कसून तिच्यात सिलिंडर बसवला. 60 लिटर मापाचा. त्यात साधारण नऊ-दहा किलो गॅस मावतो. पट्टा आणि सिलिंडर यांच्यात रबर, म्हणजे धातूवर धातू घासून तिथेच गंज धरणार नाही. सिलिंडरच्या तोंडावर हाताने बंद करता येणारा व्हॉल्व्ह. तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवायचा, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवले आहे.

तिथून बिनजोडाचा पोलादी पाईप गाडीच्या खालून पुढे आला. त्याला मध्ये एक गोल वळसा दिलेला. पुतण्याने विचारले, हा कशाला? मिस्त्री म्हणाला, गाडी हादरते तेव्हा पाईपला हलायला जागा पाहिजे, सरळ ठेवला तर जोडावर तुटतो.

पुढे रिड्यूसर. 200 बारचा दाब इंजिनाला चालेल इतका खाली आणण्याचे काम त्याचे. दाब एकदम उतरला की गॅस थंड पडतो. घरचा सिलिंडर मोठ्या शेगडीला जोरात लावला की त्याला बाहेरून दव सुटते, तोच प्रकार. गारठून रिड्यूसर अडकू नये म्हणून इंजिनाचे गरम पाणी त्याच्यातून फिरवतात. त्यामुळे गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि पाणी तापले की आपोआप गॅसवर जाते. टाकीत थोडे पेट्रोल कायम ठेवावे लागते ते याचसाठी.

शेवटी प्रत्येक सिलिंडरला एक असे चार गॅस इंजेक्टर आणि त्यांचा वेगळा ईसीयू. गाडीचा मूळ संगणक पेट्रोल इंजेक्टरला जो हुकूम देतो, तो मधेच घेऊन हा ईसीयू गॅसच्या मापात बदलतो. कारण माप वेगळे आहे. गॅसला हवा सुमारे 17 पट लागते, पेट्रोलला 14.7. मिस्त्रीने लॅपटॉप जोडला, गाडी मंठ्याच्या रस्त्याला पळवली आणि आकडे जुळवत बसला. फिके मिश्रण राहिले तर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकी जळतात. पुतण्याचे डोळे चमकत होते. टर्बोच्या गाडीत जे जुळवाजुळवीचे काम त्याने फक्त मोबाईलवर पाहिले होते, तेच त्याच्यासमोर, त्याच्या बापाच्या गाडीवर चालले होते.

गॅस भरल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिले. कुठे बुडबुडा नाही. मगच मिस्त्रीने हात धुतले.

कागद

काम झाले म्हणजे संपले असे नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीचे इंधन बदलले की त्याची नोंद आरसी पुस्तकात झाली पाहिजे. किट मान्यताप्राप्त नमुन्याचे असावे लागते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा नमुन्यांची तपासणी करतात. किटचे प्रमाणपत्र, सिलिंडरचे प्रमाणपत्र, बसवणाऱ्याचे पत्र घेऊन आम्ही आरटीओत गेलो. दोन फेऱ्या झाल्या. नोंद झाली. विमा कंपनीलाही लेखी कळवले आणि विम्यात किट चढवून घेतले. विम्यात किट नसेल, तर अपघातानंतर भरपाईवरून वाद होतो आणि त्या वेळी आपल्या बाजूने कागद नसतो.

नव्या, बीएस-6 गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची सोय केंद्र सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये साडेतीन टनांखालील वाहनांसाठी केली आहे. आपल्या मॉडेलला मान्य किट आहे का, ही चौकशी आधी करावी. टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीला तर ही चौकशी दुप्पट काळजीने करावी. तिथे फुंकणीचा जोर आहे.

काय मिळाले, काय गेले

खरे ते सांगितले पाहिजे. गाडीची ओढ थोडी कमी झाली. गॅस मॅनिफोल्डमध्ये जागा व्यापतो, तेवढी हवा कमी जाते. भरलेली गाडी चढावर गिअर मागते. मागची जागा गेली. पेशंटच्या नातेवाइकांचे अंथरूण-पांघरूण, डबे, पाण्याचा कॅन आता टपावरच्या कॅरियरवर बांधतो.

पंपावर रांग लागते. जिथे नळाने गॅस येत नाही अशा पंपावर तो ट्रकवरच्या सिलिंडरांच्या जुडग्यातून येतो. त्या धंद्यात अशा पंपाला डॉटर स्टेशन म्हणतात आणि जिथून गॅस येतो त्याला मदर स्टेशन. जुडगे रिकामे होत आले की दाब उतरतो आणि आपली टाकी पुरी भरत नाही. शिवाय गॅस भरताना गाडीतल्या सर्वांना खाली उतरावे लागते. पेशंटला कसे उतरवणार? म्हणून भाऊंनी नियम केला आहे : दिवसाचे काम संपले की रात्रीच टाकी भरायची. फोन केव्हाही येवो, गाडी भरलेली असते.

आणि मिळाले ते असे. वर्षभरात किटचे पैसे फिटले. बचत गटाचा हप्ता एकदाही चुकला नाही. मुलीची फी वेळेवर गेली. घाटीच्या एका फेरीला जवळजवळ सव्वातीनशे रुपये वाचतात. समोरच्याच्या हातात पाचशेच असले, तर आता भाऊ ते निवांत मनाने घेतात.

पुतण्या त्याच मिस्त्रीकडे कामाला लागला आहे. आठवड्यातून एखादी तरी गाडी तो स्वतः जुळवतो. कुणी जुना सिलिंडर घेऊन आला, तर आधी चिंधी मागतो आणि खांदा पुसतो. तारीख नसेल तर हात लावत नाही. काही गिऱ्हाईक रागावून जातात.

आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी रिक्षा, व्हॅन, पिकअप चालतात. प्रत्येकीवर एक घर चालते. ज्यांच्या घरी गॅसची गाडी आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आज संध्याकाळी सीट पुढे सारा, सिलिंडरचा खांदा पुसा आणि तारीख वाचा. तीन वर्षे उलटून गेली असतील, तर तपासणी होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आमच्या सिलिंडरची पहिली तपासणी 2026 मध्ये येते. तो महिना आईने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खडूने लिहून ठेवला आहे. तिला अक्षरे उशिरा आली, साक्षरतेच्या वर्गात. आकडे मात्र ती ठळक काढते.